दुसऱ्याच्या आईची गोष्ट

निपाणीजवळच्या आमच्या मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला एक आक्का होत्या. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, म्हणून आम्ही सगळे मास्तर त्यांना आक्काच म्हणायचो. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या चौथीची पोरं घेऊन बसस्टँडवर जायच्या आणि गाड्यांच्या कानडी पाट्या वाचून घ्यायच्या. तीच अक्षरं पोरांनी घरी जाऊन आईला शिकवायची, असा नियम होता. "आक्का, कंडक्टरची भरती काढलीया काय?" असं एकदा मीच विचारलं होतं. लई शहाणा ना मी!

मग बेळगावला शिक्षकांची परिषद ठरली. शाळांनी आपापले उपक्रम मांडायचे होते. हेडमास्तरांनी आक्कांचा उपक्रम पाठवला आणि आक्कांनी माझ्यापुढं हातच जोडले. "स्टेजवर चढलं की माझा घसा कोरडा पडतोय, सर. तुम्ही बोला, मी खाली बसते. माझं नाव तेवढं घ्या."

तयारीला बसलो तेव्हा पाट्या वाचायचं त्यांना का सुचलं ते त्यांनी सांगितलं. त्यांची आई विड्या वळायची. कानडी तर सोडाच, मराठी अक्षरही यायचं नाही. संकेश्वरला तिचे वडील शेवटच्या घटका मोजतायत असा निरोप आला म्हणून ती धावत स्टँडवर गेली आणि घाईत चिकोडीच्या गाडीत बसली. परत फिरून पोचेपर्यंत माती झाली होती. बापाचं तोंड दिसलं नाही, याचं दुःख ती मरेपर्यंत बोलून दाखवायची.

परिषदेत माझं भाषण झकास झालं. आक्का तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचं नाव मी शेवटी घेणार होतो, खरंच घेणार होतो. पण वेळ संपल्याची घंटा वाजली. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतल्या मोठ्या साहेबांनी कानडीत विचारलं, "फार छान! हे तुम्हाला सुचलं कसं?"

नुसतं बोट करायचं होतं, त्या बघा आमच्या आक्का. मी म्हणालो, "माझी आई एकदा चुकीच्या गाडीत बसली."

आणि सगळं सांगितलं. चिकोडी, संकेश्वर, माती, सगळं. माझ्या आईनं आयुष्यात एकटीनं एसटी धरली नव्हती, वडिलांच्या मोटरसायकलवर मागं बसून फिरली. माझ्या आजोबांनी तर तिच्याच मांडीवर प्राण सोडला. पण सभागृहात बायका डोळ्यांना पदर लावत होत्या आणि खोटं का बोलू, त्या टाळ्या मला हव्या होत्या.

जेवणाच्या रांगेत लोक माझा हात हातात घेऊन बोलत होते. आक्का माझ्यामागं ताट घेऊन उभ्या होत्या. परतीच्या गाडीत त्या माझ्या पुढच्या बाकावर बसल्या. मी मनात माफीचं वाक्य जुळवत होतो. निपाणी आली, उतरता उतरता त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या आई बऱ्या हाईत न्हवं?"

"हो," म्हणालो मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं साहेब लोक उपक्रम बघायला यायला लागले. पोरांना स्टँडवर मी नेऊ लागलो. आक्का स्टँडवर परत कधी आल्या नाहीत. त्यांच्या घरी जाऊन पाय धरावेत असं रोज वाटायचं आणि रोज काही ना काही काम निघायचं. पळपुटा माणूस, दुसरं काय!

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी उठलो आणि बोलून टाकलं. पाट्या वाचायची कल्पना आक्कांची, ती गोष्ट आक्कांच्या आईची, मी चोरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडमास्तर माईकवर आले. "बघा, सरांचं मन किती मोठं! स्वतःचं श्रेय असं दुसऱ्याला द्यायला काळीज लागतं." पालक उठून उभे राहिले. मी नाही नाही म्हणत हात हलवत होतो, तसे ते आणखीच टाळ्या वाजवत होते.

शेवटी मी आक्कांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलो. त्या माझ्याकडं झुकल्या.

"आता गप बसा, सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज तरी टाळ्या माझ्यासाठी व्हायच्या होत्या. त्या बी तुम्हालाच मिळाल्या."