मसाल्याला ऊन दाखवणारी सून

आमच्या अंगणात मे महिन्यात काय वाळत नाही? कोकमाची सोलं, पापड, सुकट. लग्न होऊन आले तेव्हा नव्या नवरीचा, म्हणजे माझा, मालवणच्या उन्हावर नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास होता. वर्षाचा मसाला नुकताच कुटून आणलेला, आणि सासूबाई माहेरच्या लग्नाला गेलेल्या. मिरच्या उन्हात वाळवतात, मग मसाल्याने काय घोडं मारलंय? रोज मी तो परातीत उन्हाला पसरायची, हाताने वरखाली करायची. शेजारणींना ऐटीत सांगायची, "आमचो मसालो वरीसभर किडाचो नाय."

किडला नाहीच. किडीलासुद्धा आवडायला हवा ना!

सासूबाईंनी परतल्यावर चिमूटभर हुंगला. "गो बाय, ह्यो मसालो काय लाकडाचो भुसो?" त्या वर्षी बांगड्याची आमटी पिवळट. पान वाढलं की सासरे विचारायचे, "आज घरात कोणाक ताप इलो?"

यंदा माझ्या नातीने घरच्या खानावळीत पहिल्यांदाच मसाला विकायला ठेवला. पोरगी शिकलेली. सगळा मसाला घट्ट झाकणाच्या काळ्या डब्यांत भरला. पाहुणे जेवून बोटं चाटायचे, डबा हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. पोर हिरमुसली.

"आजी, कोण घेणा नाय गो. रंग दिसत नाय."

"मगे काचेच्या बरणीत घाल."

"उजेडात रंग जातलो!" मग तिने मला समजावलं. मिरचीच्या लाल रंगाला कॅरोटिनॉइड म्हणतात. मिरची अख्खी असेपर्यंत साल त्याला राखते. कुटली की कणाकणाला हवा लागते. हवेतला ऑक्सिजन तो रंग तोडतो, ऊन त्या कामाला हातभार लावतं, आणि तुटलेल्या तुकड्यांना रंग उरत नाही.

म्हणजे परातीत मी एवढं मोठं काम करत होते! मी तिला भुशाची गोष्ट सांगितली. हसून हसून तिला ठसका लागला. मग मीच म्हटलं, "हाड परात." पोरीने आणली.

पुन्हा मूठभर मसाला उन्हात पसरला, यावेळी समजून उमजून. फिकुटला तसा बशीत काढून गल्ल्याजवळ ठेवला. शेजारच्या बशीत काळा डबा उघडून काढलेली लालभडक चिमूट. मधे नातीने चिठ्ठी लावली: 'डावीकडचा आजीने नवी नवरी असताना उन्हात वाळवला. उजवीकडचा आता काळ्या डब्यात ठेवला.'

पाहुणे वाचतात, माझ्याकडे बघून हसतात आणि डबा घेतात. मी तिथेच खुर्ची टाकून बसते. गणपतीपर्यंत पोरीला दुसऱ्यांदा मसाला कुटावा लागला.

डावी बशी मात्र मी कोणाला हलवू देत नाही.