टोकाचं टोपण

"शेवट पक्का हाये ना, ताई?" असं म्हणत भाऊ आधी जोडणीच्या टोकाचं टोपण दोन बोटांत धरून हलवून पाहायचा. बटण त्यानंतर.

अकोल्याच्या जुन्या शहरात मी घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायची, तेव्हाची ही ओळख. भाऊ शेजारचा, छापखान्यांतली मशिनं दुरुस्त करणारा. माझ्या कॉम्प्युटरला डिस्कची पेटी आणि पेटीला पुढे स्कॅनर, अशी त्यानं रांग लावलेली. त्या जोडणीला तो 'स्कझी' म्हणायचा. मला ते एखाद्या चिडक्या मांजरीचं नाव वाटायचं. रांगेत शेवटी स्कॅनर, म्हणून टोपण त्याच्या पाठीला. ते कशाला, असं मी विचारलं.

"विहिरीत हाक मारली की परत येते ना? टोक उघडं राह्यलं तर तसंच होते. मग मशीनले समजत नाई, खरी हाक कोणती."

त्याची बायको माझ्याकडे मजकूर तपासायला यायची. ती मोठ्यानं वाचायची, मी पडद्यावर पाहायची. पत्रिकेत एखाद्या मामाचं नाव राहिलं तर काय रामायण होतं, ते तुम्हाला सांगायला नको. एकदा भाऊनं गमतीत माइक लावून तिचं वाचन डिस्कवर घेतलं. "काहून छळून राह्यले मले?" म्हणत तीही वाचत राहिली.

पुढे स्कॅनर बिघडला, नवीन कॉम्प्युटर आला, जुना डिस्कच्या पेटीसकट पलंगाखाली गेला. आणि गेल्या वर्षी ती बाई गेली. फोनवर तिचा एक व्हिडिओ नाही हो! कोणी फोन समोर धरला की तोंड फिरवायची.

तेरवी झाल्यावर भाऊ दारात उभा. "ताई, ते डबडं हाये का अजून?"

आम्ही ते ओढून काढलं, पुसलं. डिस्क घरघरली, पण पडद्यावर काही दिसेना. सवयीनं भाऊचा हात पेटीच्या मागे गेला आणि तिथंच राहिला. टोक उघडं होतं. टोपण स्कॅनरच्या पाठीला राहिलेलं, आणि स्कॅनर त्यानंच भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवला होता.

"मीच फेकलं, ताई," तो म्हणाला.

मग शोध सुरू झाला. अकोल्यात मिळेना. अमरावतीत पायपीट केली. शेवटी अंजनगाव सुर्जीच्या एका बंद छापखान्यात तसलं टोपण सापडलं. घेऊन आला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. मी म्हटलं, "आधी दोन घास खा रे." ऐकतो कसला!

टोपण बसवलं, हलवून पाहिलं, बटण दाबलं. डिस्क दिसली. तिच्या नावाची फाइलही. मी म्हटलं, "लाव की."

त्यानं पडद्यावर फाइलच्या नावावर बोट टेकवलं. "हाये ना? बस झालं. आज नाई ऐकवत. येतो मी परत."

नाही आला. पोळ्याच्या आधी झोपेतच गेला.

त्याची मुलगी माहेरी आली, तेव्हा मी तिला घरी बोलावलं. टोपण हलवून पाहिलं आणि फाइल लावली. तिची आई एकेक मामा, एकेक आत्या वाचत होती. मध्येच हसली, म्हणाली, "झालं ना आता? बंद करा."

आणि माइकच्या अगदी जवळून भाऊचा आवाज आला, "थांब वं. अजून थोडं वाच."