मशिनीला दिलेला होकार

किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी करणाऱ्या आमच्या रापणकर संघाच्या खोलीत एका ऑफिसने टाकून दिलेला संगणक होता. त्यावर मी फुकट, सगळ्यांसाठी खुलं असलेलं लिनक्स घातलं होतं. ‘समुद्र सगळ्यांचा म्हणणाऱ्यांनी चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नये,’ असं मी तेव्हा पत्रकांत छापत असे. आज ते वाक्य वाचायचा कंटाळा येतो. वाक्य खरंच आहे. मी दमलोय.

एकदा तहसील कचेरीत सुनावणी होती. मागच्या बैठकीत कुणा साहेबाने ट्रॉलरना, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींना, किनाऱ्याजवळ येऊ देण्याचा कागद कचेरी मराठीत वाचला, ‘हरकत नाही ना?’ विचारलं, आणि आमची माणसं ‘होय साहेब’ म्हणाली. झालं. ट्रॉलर किनाऱ्यालगत आले, रापणीला मासळी मिळेना. तो होकार धरू नये, एवढंच आमचं निवेदन. टायपिंगवाल्याने ते थेट फ्लॉपीवर टाइप केलं होतं. त्याची दुसरी प्रत नव्हती. छपाई आमच्या खोलीत व्हायची होती.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी नवा कर्नेल बसवायला घेतला. कर्नेल म्हणजे संगणक सुरू होताना आधी जागा होणारा गाभा. जुन्यावर मोडेम चालत नव्हता. नव्याचं पॅकेज सीडीवरून सावकाश उलगडत होतं, म्हणून मी कागद आणायला बाजारात गेलो.

मी परतलो तर खुर्चीत आबा. आबा म्हणजे संघाचे अध्यक्ष, होडी चालवणारे जुने तांडेल. फ्लॉपी आणली की खाचेत घालून ठेवायची, हे ते शिकले होते; निवेदनाची फ्लॉपीही त्यांनी तशीच आणून घातली होती. एंटर दाबायलाही शिकले होते.

“झालां रे झिला. लय इचारी होता. सगळ्याक व्हय म्हटलंय.”

“काय विचारत होता?”

“माका काय म्हायत? विंग्रजीत होता. देवळात गुरव देवाक गाऱ्हाणां घालत असताना तू मधीच ‘म्हंजे काय’ इचारतस? व्हय म्हाराजा म्हणूचा, झालां.”

यापुढे संगणक कसा सुरू करायचा, हे ते पॅकेज विचारत होतं. त्यातच एक प्रश्न असा, की अडचणीसाठी सुरुवातीची फ्लॉपी बनवू का? न बोलता एंटर दाबलं की उत्तर ‘हो’. खाचेतली निवेदनाची फ्लॉपी त्याने पुसून घेतली.

दारात टोपली टेकवून बसलेली आबांची बायको म्हणाली, “ह्येंनी माका जल्मात व्हय म्हणूक नाय, आणि त्या डब्याक म्हटल्यानी!”

कुणी हसलं नाही. आबा फ्लॉपी उलटीसुलटी करून बघत राहिले.

मग आम्ही निवेदन हाताने लिहिलं. आबा सांगत होते, मी लिहीत होतो. ते झाल्यावर मी कर्नेलच्या सेटिंगची फाईल उघडली. त्यात लिहिलं, do_bootfloppy = no, म्हणजे फ्लॉपीचं विचारूच नकोस. त्याखाली आणखी एक ओळ, की सुरुवातीची मांडणी न विचारता आपली आपण करावी. एवढंच काम होतं. मला संताप आला तो हे गृहीत धरण्याचा, की समोर बसलेल्याला प्रश्न कळतो, आणि तो गप्प राहिला तर त्याचा होकार असतो. ही युक्ती आमच्या ओळखीची होती.

सुनावणीत कारकुनाने वाचलं, “तरी सदर प्रकरणी उपस्थितांची हरकत नाही असे समजावे काय?”

माझ्या शेजारून आबा उठले. “सायबानू, पयलां सांगा, इचारतास काय तां. मगे सांगतंय.”

साहेबाने चष्मा काढला आणि साध्या भाषेत पुन्हा विचारलं.

“नाय,” आबा म्हणाले. “हरकत आसा. आधीपासून आसा.”

हरकत नोंदवली गेली. पुढची तारीख मिळाली. ट्रॉलर होते तिथेच राहिले.

परतीच्या एसटीत आबांनी विचारलं, “मशीन आता इचारूचां नाय मां?”

“नाही आबा. विचारणंच बंद केलं.”

“बंद कित्याक केलंस? मराठीत इचारूक सांगूचा होता.”

मशिनीला मराठी शिकवणं किती वर्षांचं काम आहे, याचा मला अंदाज होता.