व्याह्यांनी गच्च भरलेला बंब

आमच्या अंगणातला बंब बाबांनी स्वतः केलेला आहे. तेलाचे रिकामे पिंप, मधोमध उभा बसवलेला लोखंडी पाइप, पाइपच्या तळाशी सळयांची जाळी आणि जाळीखाली राख ओढायची खिडकी. भंडाऱ्याच्या दुकानांत तांब्याचे देखणे बंब मांडलेले असतात. ते आमच्यासाठी नव्हते. पण या पिंपाने मला पदवीपर्यंत पोचवले, असे मी म्हणते तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. हिवाळ्यात कॉलेजसाठी पहिली एसटी धरायची, आणि आई मी उठायच्या आत पाणी तापवून ठेवायची.

तो चालवायची एक रीत आहे. आधी पाणी भरायचे, मगच विस्तव. कालची राख काढायची, म्हणजे खालून हवा लागते. तुरीच्या वाळक्या काड्यांवर पेटवायचे आणि उन्हाळ्यातच फोडून पडवीत वाळवलेली बारीक लाकडे दोन-दोन करून सोडायची. पाइप गच्च भरायचा नाही. धूर दिसला की समजायचे, लाकूड वाया चालले. जाळ धरला की खालची खिडकी बोटभर उघडी ठेवायची, बस. एवढ्यावर घरभराच्या आंघोळी होतात.

गेल्या हिवाळ्यात माझी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. पाणी लांबून न्यावे लागू नये म्हणून बंब तिच्या खोलीच्या खिडकीजवळ ठेवला होता. बाळाला सर्दी झाली. छाती घरघरत होती. नर्सबाईंनी बजावले होते की त्याच्या नाकात धूर जाता कामा नये. तेव्हापासून बाबा दुसऱ्या कोणाला बंबाजवळ बसू देत नव्हते.

आणि बारशाला पवनीहून तिचे सासरे आले, म्हणजे बाबांचे व्याही; आमच्याकडे म्हणतात इवाई. सकाळी चहाचा कप घेऊन ते बंबाजवळ उभे राहिले.

"काय इवाई, दोन काड्यांवर पाणी तापवून राहिले? आमच्याकडं पाहुणा आला का बंब गच्च भरतेत."

"गच्च भरला का धूर करते जी," बाबा म्हणाले.

"सरा बाजूले. नातवाच्या बारशाले तरी हात सैल करा!"

पुढच्या वर्षासाठी म्हणून बाभळीची ओली लाकडे भिंतीशी रचली होती. त्यातलीच उचलून त्यांनी पाइपात तोंडापर्यंत कोंबली. जाळ दबला आणि पिवळट धुराचा लोट सरळ खिडकीत शिरला. आत बाळ खोकू लागले.

"बाबा, धूर!" बहीण ओरडली. आईने आतून खिडकीला लुगडे लावले.

बाबा जागचे हलले नाहीत. मुलीच्या बापाने व्याह्याचा हात धरायचा नसतो, अशी आमच्याकडची रीत. मला त्या रीतीचा तेव्हा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. ज्या माणसाने तो बंब घडवला, ज्याचा नातू आत गुदमरत होता, त्याने त्याच बंबापुढे मान खाली घालून उभे राहायचे! कशासाठी? मुलगी दिली म्हणून?

मी चिमटा घेतला आणि एकेक लाकूड उपसून अंगणात फेकू लागले.

"अवो, हे काय करून राहिली?"

"मामाजी, लेकरू खोकलून राहिलं आत."

ते बाबांकडे वळून हसले. "बी.ए. झाली, आता मोठ्यायले शिकवते. इवाई, हिच्यासाठी पोरगा पाहाले जड जाईन तुमाले."

उत्तर ओठांवर आले होते. पण आधी राख ओढली, बंबाची खालची खिडकी उघडली, काड्या पेटवल्या, वरून वाळकी लाकडे सोडली. हळूहळू धूर विरळ झाला. थोड्या वेळाने खोकला थांबला आणि आई बाळासाठी पाणी घेऊन गेली, तेव्हा कुठे मी चिमटा खाली ठेवला.

मग मामाजींची आंघोळ झाली. डोके पुसत, वाफाळत ते बाहेर आले.

"पाहा! लाकूड भरलं म्हणून पाणी असं कढलं. नाहीतर कोमटच राह्यलं असतं तुमचं."

"हो जी," बाबा म्हणाले.

ओली बाभूळ अंगणात अजून धुमसत होती. बंबात पाणी उरले होते, चांगले कढत. बादलीभर काढून मी तिच्यावर ओतले. मामाजींच्या अगदी पायांजवळ. ते दोन पावले मागे सरले.