कोणत्या पुस्तकावर हात

चीनच्या लढाईनंतर भरती जोरात होती. बुलढाण्याला उंची-छाती मोजली आणि धामणगाव बढ्यातला मी फौजेत निवडला गेलो. घरात आनंद झाला तो पगाराचा. बाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघताना एकच गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. बाने घरातले देव फडक्यात बांधून स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते आणि त्यापायी गावाचं बरंच ऐकून घेतलं होतं.

"काईबी कर, पन त्या देवायपुढं पुन्हा मान झुकवू नको," तो म्हणाला.

"हाव बा." तेव्हा ते सोपं वाटलं.

ट्रेनिंग सेंटरात चालणंसुद्धा नव्याने शिकावं लागलं. ढेकळांत वाढलेले माझे पाय टाच आपटून चालेनात. आमचे उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे हवालदार, कोल्हापूरकडचे. माझी बोली ऐकून ते मला 'मले-तुले'च म्हणायचे. "ए मले-तुले, छाती भाईर!" राग यायचा, पण माणूस मनाचा वाईट नव्हता. पायाला फोड आले की स्वतः तेल आणून देई.

शेवटी कसम परेड आली. आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून देशाची शपथ घ्यायची, मगच पक्का शिपाई. तालमीच्या दिवशी हिंदू पोरं पंडितजींसमोर उभी राहिली, मुसलमान पोरं मौलवींसमोर. बौद्ध मी एकटाच. मैदानाच्या मधोमध उरलो.

"तुझं पुस्तक कुठलं रं?" उस्तादांनी विचारलं.

"पुस्तक नाही, उस्ताद," मी म्हणालो. आमच्या घरी पुस्तक नव्हतंच. त्रिशरण आम्ही तोंडपाठ म्हणायचो.

"मग जा की पंडितजींकडं. हात काय झिजतोय व्हय?"

"नाही उस्ताद."

"घरी धाडतील, लेका!"

इकडे आड, तिकडे विहीर. घरची चूल आता माझ्या पगारावर पेटायची होती. तरी पाय हलेनात. उस्तादांनी मला सेंटरच्या मोठ्या साहेबांपुढे उभं केलं आणि वर, कुणी न विचारता, "पोरगा चांगला आहे, साहेब," असंही सांगितलं. साहेबांनी मैदानावरच्या झेंड्याकडे बोट केलं.

"झेंड्याला हात लावून शपथ घेशील?"

मी एवढ्या जोरात हो म्हणालो की उस्ताद दचकले. परेडच्या दिवशी मी तशीच शपथ घेतली. आयुष्यात इतका ताठ मी पुन्हा कधी उभा राहिलो नसेन.

सुट्टीवर आल्यावर बाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, पाठ थोपटेल. तो म्हणाला, "ठेवला असता हात, तरी मी तुले काई म्हटलं नसतं."

मी संतापलो. ज्याच्या शब्दासाठी मी नोकरीवर पाणी सोडायला निघालो होतो, तोच असं म्हणतो!

"मंग सांगतलं काऊन?"

"सांगून बसलो, बाप्पा." तो म्हणाला. "मंग रोज दुपारची गाडी आली का मी फाट्यावर जायचो. माह्या एका शब्दापाई तू वापस तं उतरून नाही राह्यला, हे पाहाले."