पडद्याला हुंकार

धुळ्याच्या टॉकीजमध्ये परीकथेचं रंगीत कार्टून लागलं होतं. मला चित्रांचं वेड, म्हणून कॉलेज बुडवून गेलो. शेजारी खेड्यातली एक अनोळखी अक्का बसली होती. गोष्ट ऐकताना घरी देतात तसा ती पडद्याला हुंकार देत होती. राजाला मुलगी झाली, 'हं.' चेटकिणीने शाप दिला, 'हं.' मागचे लोक शुक्‌शुक्‌ करत होते, पण ते तिच्या गावीही नव्हतं.

मग जंगल आलं, पानन्‌पान जीव ओतून रंगवलेलं. मी भान हरपून बघत राहिलो. तिचा हुंकार थांबला.

"आवडलं नाही का, अक्का?"

"बठ्ठं साजरं शे," सगळं सुंदर असल्याचं कबूल करत ती म्हणाली, "पन सांगनारा कोठे गया?"

ते जंगल आजही डोळ्यांसमोर आहे. गोष्ट मात्र मला तिच्या शेवटच्या हुंकारापर्यंतच आठवते.