फुकट चाललेलं ऊन

कचेरीच्या पायरीवर आला की तो आधी कपाळावर हात धरून वर बघायचा आणि हळहळायचा, "किती माल वाया चालला गा!" माल म्हणजे नागपूरचं ऊन. तुम्ही-आम्ही खिशात कांदा ठेवून ज्याला शिव्या घालतो, त्याच्याकडे हा गृहस्थ लकडगंजच्या वखारीतल्या सागवानाकडे बघावं तसा बघायचा.

तो माझ्या बाजूच्या टेबलावरचा कारकून, आणि क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लागून शेजारी. ऐंशीच्या सुमारास सूर्यचुली निघाल्या. काळी पेटी, वर काच, झाकणाला आतून आरसा. सरकारी सूट मिळते म्हटल्यावर याने लगेच घेतली. पैसे मात्र त्याच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे होते. साड्यांना फॉल लावून लावून त्यांनी ते शिलाई मशीनसाठी जमवले होते, आणि याने विचारलंही नव्हतं.

वहिनी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी याने माझ्यादेखत शब्द दिला, "दोन वर्षांत रॉकेलच्या बचतीतून तुले मशीन आणतो वं. नाही आणली तर मिशी काढतो!"

"मिशीनं काय ब्लाऊज शिवू?" वहिनी म्हणाल्या. त्या पेटीला हात लावणार नाही, हेही त्यांनी तिथेच जाहीर केलं.

पेटी उन्हाकडे फिरवत राहावी लागते. मग हाच सायकल मारत घरी जायचा, पेटी वळवायचा आणि घामाघूम होऊन परत यायचा. साहेबांनी दोनदा पकडलं आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला.

"हा कापलेला पगार हिशोबात धरला का?" मी विचारलं.

"वसूल होते गा, सारं वसूल होते!"

उन्हाळ्यात डाळ खरोखर लोण्यासारखी शिजायची. पावसाळ्यात मात्र तिचे छर्रे व्हायला हवे होते. तरी हा दुपारी दोनला घरी येऊन झाकण उघडायचा तेव्हा डाळ शिजलेलीच असायची. "ढगातही शिजते!" असं त्याने सगळ्या कचेरीला सांगितलं.

खरी गोष्ट आमच्या घरात ठाऊक होती. हा कामावर गेला की वहिनी डाळ स्टोव्हवर शिजवायच्या आणि भांडं परत पेटीत ठेवायच्या. घरातलं रॉकेल कमी दिसू नये म्हणून आमच्या डब्यातून न्यायच्या. "मशीन गेली ते गेलीच, ताई," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पण त्यांचं तोंड उतरलं की मले घास जात नाही."

दिवाळीच्या तोंडावर हा आमच्या मागच्या दारी रॉकेलचा डबा घेऊन उभा. "पावसाळ्यात तुमचं गेलं ते. तिले सांगू नका."

मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"भांडं गरम अन् पेटी थंडगार! एवढा का मी बैल आहे?"

"मग बोलला काहून नाही?"

"ती माझ्यासाठी लबाडी करून राहिली होती गा," तो म्हणाला. डोळे पुसायचे होते, पण हाताला रॉकेल लागलेलं. मी डबा आत नेऊन ठेवला.

दोन वर्षं भरायच्या आत मशीन आली, जुनी पण चालू. "चुलीनं दिली," त्याने वहिनींना सांगितलं. त्याच आठवड्यात त्याची सायकल दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाला, पायी चाललं की ऊन अंगावर घेता येते, ते तरी काहून फुकट घालवायचं? पेटी वळवायला घरी जाणं त्याला मग जमलं नाही. चूल बंद पडली. तिचे पैसे काही निघाले नाहीत, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो.

एका मे महिन्यात तो अचानक गेला.

पुढे बायकोचा ब्लाऊज आणायला मी वहिनींकडे गेलो. मशीनशेजारी भिंतीवर सूर्यचुलीच्या झाकणाचा आरसा होता. बायका त्यात बघून फिटिंग ठरवत होत्या.

"रोज चार जणी तरी बघतात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "वसूल व्हायले पाहिजे ना."

दोन वाजत आले होते. खिडकीतलं ऊन आरशावर आलं. वहिनी उठल्या, आरसा जरासा वळवला आणि दाराकडे बघत उभ्या राहिल्या.